अंबिकाचा दाखला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. अक्कलकोटला मठात किती वेळा जाऊन आले, तिथंही डोळे मिटून मुलाबाळांचं मागितलं आणि हे तेवढं गिळून परत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर आजही तोंड उघडलं नसतं — एवढी मी भित्री आहे. आणि गंमत बघा, उभ्या शाळेत माझ्याइतकी धीट बाई नाही अशी माझी ख्याती होती.

शाळा मुलींची. सोलापुरात, यंत्रमागांच्या वस्तीत. खिडक्या लावल्या तरी मागांची खटखट वर्गात यायची, म्हणून आम्हा सगळ्या बायकांचा आवाज कायम चढा. मी गणिताची बाई. माहेर जेऊरचं, त्यामुळं जीभ गावाकडची आणि फटकळ. काय गं, अक्कल काय घरी दोरीवर वाळत घालून आलीस का, असं मी पोरींना सगळ्या वर्गासमोर म्हणायचे. पोरी घाबरायच्या. मला ते आवडायचं, हेही आत्ताच सांगून टाकते.

सुरुवात सर्टिफिकेटापासून करावी लागेल. प्रत्येक शिक्षकानं संगणकाचं सर्टिफिकेट घ्यायचं, नाहीतर वेतनवाढ थांबणार, असा वरून आदेश आला होता. माझी पन्नाशी जवळ आलेली. क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी माऊस हातात धरला तर पडद्यावरचा बाण कुठं पळाला ते दिसेना, आणि शेजारी बसलेली विशीतली मुलगी फिस्सकन हसली. मी परत गेलेच नाही. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी माझ्या खुर्चीत बसून पेपर सोडवला आणि मी शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. शंभरातले ब्याऐंशी पडले. मी शाळेत पेढे वाटले. लाज वाटली नाही का? वाटली की. पण पेढे वाटताना नाही, नंतर.

पण ते नाही सांगायचं मला. तसं करणारी मी एकटी नव्हते, आणि ती लबाडी माझ्यापुरती होती.

झालं काय, की ते ब्याऐंशी बघून हेडमास्तरांनी मला कॉम्प्युटर रूमची प्रमुख करून टाकलं. दहा कॉम्प्युटर आलेले, इंटरनेट जोडून झालेलं, वरच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतलेली. किल्ली माझ्याकडं. आणि मी काय केलं — त्या खोलीला कुलूप घातलं. धूळ जाईल. पोरी मोडतील. मोडलं तर डेडस्टॉक रजिस्टरला सही माझी आहे. कारणांना काय तोटा? हेडमास्तरांना पटायचं, कारण त्यांनाही मोडतोडीचीच धास्ती. सोलापुरी चादरी फाडून मी प्रत्येक मशीनला अभ्रा शिवून घेतला. खंडेनवमीला खोली उघडायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पडद्यांना हळदकुंकू लावायचं, दारात नारळ फोडायचा, आणि परत कुलूप. कॉम्प्युटरचा तास मी खाली वर्गात फळ्यावर घ्यायचे. माऊसची आकृती काढून भागांना नावे द्या. इंटरनेट म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहा. पोरी इतक्या सुबक आकृत्या काढायच्या, मी दहापैकी नऊ द्यायचे. अशी तीन वर्षं काढली. तीन वर्षांत किती पोरी त्या खोलीत पाय न ठेवता दहावी होऊन गेल्या असतील?

हेही नाही. हेही वाईटच, पण ह्याच्यासाठी मी हे सांगायला बसले नाही.

अंबिका नववीत होती, माझ्याच वर्गात. मी तिची वर्गशिक्षिका. घरात तेलुगू. वडील टॉवेलच्या मागावर कामाला, आई घरी बसून विड्या वळायची. अंबिका अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिचा मामा नव्या पेठेत झेरॉक्सचं दुकान चालवायचा. तिथं दोन कॉम्प्युटर होते आणि सुट्टीत ही तिथं बसून लोकांचे अर्ज भरून द्यायची. वडिलांचं मत असं की पोरीला नववी पुरे. थोरलीलाही त्यांनी तिथंच थांबवलेलं. हिनं मात्र रडून-भांडून दहावीची परवानगी काढली होती. शाळेत कॉम्प्युटर आहेत, आमच्या बाई शिकवतात, दहावी झाले की ऑफिसात काम मिळतं, असं घरी सांगून. बाई शिकवतात! हे तिनंच मला नंतर सांगितलं, हसत हसत. वडिलांचा तिच्यावर नाही, माझ्यावर विश्वास होता, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. मी सकाळीच कॉम्प्युटरच्या दुकानातून माणूस बोलावून एक मशीन चालू करून घेतलं होतं, पडद्यावर सूर्य आणि त्याच्याभोवतीचे ग्रह. पोरींना ताकीद दिलेली, कुणी कशाला हात लावायचा नाही. साहेबांनी ग्रह बघितले, मान हलवली, आणि म्हणाले, छान, आता जरा मुलींना आपलं उजनी धरण दाखवा, वरून कसं दिसतं ते. माऊस धरला, काहीतरी दाबलं, सूर्य गेला. पडदा निळा. तेवढ्यात मागच्या रांगेतून अंबिका उठली, बाई मी करू का म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत येऊन चारदोन वेळा टकटक केलं. उजनीचं पाणी आलं समोर. साहेब खूश. बाई, मुलींना चांगलं तयार केलंय तुम्ही, असं म्हणाले आणि शेरेबुकात तसं लिहूनही गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून अगदी हळू म्हणाली, "बाई, तुमाला येत नाही की. मी शिकवू का?"

थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. खरंच सांगते. पण तिच्या तोंडावर कुचेष्टा नव्हती हो. शेजारणीला गणित अडलं की आपण आपली वही सरकवतो ना, तसा चेहरा. मी आधी तिला दम भरला. कुणाला बोललीस तर याद राख. शपथ घे. तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि आईशप्पथ म्हणाली. आणि मी — मी शिकव म्हणाले.

मग रोज मधल्या सुट्टीत आमची शाळा भरायला लागली. किल्ली मी तिच्याकडं द्यायचे. ती पुढं जाऊन कुलूप काढायची आणि मी पाच मिनिटांनी मागच्या जिन्यानं डबा घेऊन वर जायचे, म्हणजे आम्ही दोघी एकत्र कुणाला दिसायला नकोत. ही सगळी व्यवस्था माझी. ती शिकवायची, मी शिकायचे. माऊस पाल धरल्यासारखा धरू नका बाई, म्हणायची. मी चुकले की हसायची नाही. परत करा, म्हणायची, अगदी माझ्याच सुरात. मला माझं नाव पडद्यावर लिहिता आलं त्या दिवशी तिनं टाळी वाजवली. माझ्या डब्यातली शेंगाचटणी तिला लई आवडायची, म्हणून मी जास्तीची आणायला लागले. फोल्डर कसा करायचा, नाव कसं द्यायचं, नको ते कसं पुसायचं, पुसलेलं आधी टोपलीत जातं आणि टोपली रिकामी केली की कायमचं जातं — सगळं तिनं शिकवलं. तीन आठवडे असेल. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकी आनंदात कधीच नव्हते.

एके दिवशी ती अर्ध्यातूनच उठली. खाली मैत्रिणी डब्यासाठी थांबल्यात, म्हणाली. जा म्हटलं, मी करते सराव. धीर आला होता ना मला! बसले एकेक फोल्डर पुसत. हा माझा, हाही माझाच असेल, हा काहीतरी जुना दिसतोय. टोपली रिकामी करायची का, असं मशीननं विचारलं. मी हो केलं, ऐटीत. त्याच मशीनवर आमच्या क्लार्कनं दहावीच्या मुलींची बोर्डाच्या फॉर्मची माहिती भरून ठेवलेली होती, फोटोंसकट, महिनाभर खपून. ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून शाळा सुटल्यावर तो माझ्याकडनं किल्ली नेऊन वर बसायचा. म्हणजे तो वर काम करतो हे मला माहीत होतं का? होतं. कुठल्या मशीनवर, कुठं ठेवलंय, हे विचारायला गेले असते तर मला काही येत नाही हे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी बोंब झाली. फॉर्मची मुदत चार दिवसांवर. क्लार्क डोकं धरून बसलेला, हेडमास्तर लालबुंद, सगळा स्टाफ ऑफिसात गोळा झालेला. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, टोपलीसकट साफ केलंय, माहीतगाराचं काम आहे. माहीतगार! हेडमास्तरांनी विचारलं, वर कोण जातं? शिपाई म्हणाला, नववीतली ती अंबिका रोज मधल्या सुट्टीत कुलूप काढताना दिसते. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण किल्ली माझी.

मला काय म्हणायचं होतं? एवढंच — किल्ली मी दिली, पुसलंही मीच. काय झालं असतं हो? मेमो मिळाला असता. महिनाभर पाठीमागं हसले असते. ब्याऐंशी मार्कांचं बिंग फुटलं असतं. नोकरी काही गेली नसती, आणि ते मला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. मी म्हणाले, ड्रॉवरमधून काढून नेत असेल किल्ली, मला काय कल्पना?

अंबिकाला बोलावलं. ती टेबलासमोर उभी, मी खिडकीशी. हेडमास्तर बराच वेळ ओरडले. चोरी काय, नासधूस काय, ऐंशी मुलींच्या वर्षाशी खेळ काय. मग त्यांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं वर जात होतीस? तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आता बाई बोलतील, असं बघितलं. मी मान फिरवून खाली ग्राउंडवर बघायला लागले.

"माझ्याच मनानं गेले, सर," ती म्हणाली.

शपथ पाळली पोरीनं. आणि समजा मोडली असती, खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? तिला खोटारडी म्हणाले असते. विचार करायलाही थांबले नसते. माझी मला चांगली ओळख आहे.

हेडमास्तरांनी निकाल दिला की वडिलांना बोलव, दाखला काढा, पुढचं दुसऱ्या शाळेत कर. फॉर्मचं म्हणाल तर आम्ही सगळ्यांनी दिवसभर बसून माहिती पुन्हा गोळा केली, क्लार्कनं मामाच्या — म्हणजे तिच्याच मामाच्या दुकानात बसून ती भरली, आणि मुदतीच्या आत फॉर्म गेले. एकाही मुलीचं वर्ष वाया गेलं नाही. बघा ना, नुकसान काहीच झालं नव्हतं.

आणि तरी मी अजून जे सांगायचं ते सांगितलेलं नाही. ऑफिसात जे बोलले ते घाबरून बोलले असं तुम्ही म्हणाल. माणसं बघत होती, तोंडातून निघून गेलं, असं म्हणाल. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील आले. ऑफिसात गेले नाहीत, आधी माझ्या वर्गात आले. पोरी ग्राउंडवर गेलेल्या, वर्गात मी एकटीच वह्या तपासत बसलेली. मागावरनं तसेच आलेले, केसांत सुताचा भुगा. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बाई, हेडसर काय म्हणायचं ते म्हणू दे," ते म्हणाले. "पोरगी घरी तोंड उघडत नाही. तुमी तिच्या बाई. तुमी सांगा, तिनं केलं का? तुमी नाही म्हणला तर मी दाखला घेत नाही. हितंच बसतो."

हे सांगायचं होतं. कुणी बघत नव्हतं. हेडमास्तर नव्हते, स्टाफ नव्हता, हसायला कुणी नव्हतं. एक माणूस होता, आणि तो माझ्या एका शब्दावर अख्ख्या शाळेशी भांडायला तयार होऊन आला होता. मला नुसतं नाही म्हणायचं होतं. मीच केलं असंही नाही, फक्त नाही. तेवढ्यावर ती पोर शाळेत राहिली असती.

"तिनंच केलं," मी म्हणाले. "फार लाडावून ठेवलीय तुम्ही."

ते दुसरं वाक्य कशाला बोलले मी? पहिल्यानं काम झालं होतं. ते वाक्य कुणी मागितलं नव्हतं, त्यानं माझा काही बचावही होत नव्हता. मग का? मला माहीत नाही. खोटं आहे, माहीत आहे. मला त्या वेळी तिचा राग आला होता. ती गप्प बसली म्हणून राग आला होता.

ते दाराकडं वळले. मग म्हणाले, तुमच्यासारख्या बाईंनी सांगितल्यावर आता राहिलं काय, दुसरी शाळा पण नको. आणि मला हात जोडून गेले.

पुढचं मला माहीत आहे, कारण मी चौकशी करत राहिले, लांबून लांबून. ती आईबरोबर विड्या वळायला बसली. मामाकडं जाणंही बंद केलं त्यांनी. मी एकदा मुद्दाम त्या बोळातून गेले होते. उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, मान खाली, बोटं सारखी चाललेली. मी हाक मारली नाही. पाय उचलून पुढं गेले. अठरावं लागल्या लागल्या तिचं लग्न झालं. मी कॉम्प्युटर रूमची प्रमुख म्हणूनच रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांचा तो शेरा वाचून दाखवला, शाल-नारळ दिला, टाळ्या पडल्या. मी घेतल्या.

दाखल्याचं राहिलं.

शाळेत दाखले मीच लिहायचे, अक्षर वळणदार म्हणून. तिचाही मीच लिहिला. अभ्यासातील प्रगती: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहायचं ते हेडमास्तरांनी माझ्यावर सोडलं होतं. बाई, तुम्ही वर्गशिक्षिका, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, म्हणाले. मी 'असमाधानकारक' लिहिलं. 'चांगली' लिहिलं असतं तर त्यांना शंका आली असती, असं मला वाटलं.

दाखला न्यायला ती एकटीच आली. गणवेशात नव्हती, त्यामुळं मोठी दिसत होती. सही-शिक्क्याला पाठवण्याआधी तपासून घे म्हणून मी तो तिच्या हातात दिला. सगळ्यांनाच द्यायचे, सवयीनं दिला. तिनं उभ्याउभ्या तो वाचला, वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवून. खोलीत आम्ही दोघीच. आता काहीतरी बोलेल, रडेल, फेकून देईल, असं वाटून मी पदर घट्ट धरून बसले होते.

"बाई, जन्मतारीख चुकलीय," ती म्हणाली.

दाखल्यावर खाडाखोड चालत नाही. मी त्याच्यावर 'रद्द' लिहिलं, पुस्तकातला पुढचा कोरा फॉर्म घेतला, आणि ती समोर उभी असताना सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतलं. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख. जन्मतारीख ह्या वेळी बरोबर लिहिली. मग वर्तणुकीच्या रकान्याशी आले. पेन थांबला. ती बघत होती. मी आधीचा दाखला शेजारी ओढला, आणि त्यात जे लिहिलं होतं तेच बघून उतरवलं.